जुनी पिकअप उभी करायची, तर आधी वही उघडा

कुर्ल्याच्या एका गल्लीत आमच्या परिचयाच्या एका उस्तादांचे गॅरेज आहे. तेथे दोन पावसाळे एक चपट्या नाकाची पिकअप प्लॅस्टिकच्या कापडाखाली उभी असलेली आम्ही पाहिली. केबिनला झकास निळा रंग, आत नवी गादी. पण दरवाजा एकच, पुढची काच नाही, ब्रेक नाहीत. गिऱ्हाईक हौशी होते आणि पैसेवालेही. पहिल्याच महिन्यात त्यांनी मोठी उचल दिली. ती रंगात आणि गादीत गेली. मग उजवा दरवाजा सापडेना, काच सापडेना. गिऱ्हाइकाचा उत्साह ओसरला, फोन घेणे बंद झाले. उस्तादांची जागा अडली आणि दोन कारागिरांची मजुरी अंगावर बसली.

"चूक आमचीच," उस्ताद म्हणाले. "शेठ म्हणाले, चाचा, रंग आधी काढा, मला बघायचाय. आम्ही काढून दिला."

आमच्या वाचकांत डेंटर आहेत, पेंटर आहेत, लेथवाले, गादीवाले, वेल्डर आणि जुन्या सुट्या भागांचे व्यापारी आहेत. जुन्या गाड्या पहिल्यासारख्या करून घेणारे गिऱ्हाईक आता शहरोशहरी आहे आणि हे काम यंत्राचे कमी, हाताचे जास्त आहे. म्हणजे कसब आपल्याकडे आहे, गिऱ्हाईकही दारात येते. तरीही अशा कामात पुष्कळ कारागीर नुकसानीत जातात. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे या एका गाडीच्या निमित्ताने पाहू.

गाडी कोणती?

ही गाडी म्हणजे महिंद्रची एफसी-१५०. या कंपनीचा इतिहास आमच्या वाचकांना रंजक वाटेल. १९४५ साली ती 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने निघाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपची जुळणी तिने मुंबईत माझगावला सुरू केली.

एफसी-१५० हीसुद्धा मुळात विलीजचीच. अमेरिकेत ती १९५६ च्या अखेरीस निघाली. जीपच्याच धर्तीचा ८१ इंची व्हीलबेस, त्यावर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेली केबिन आणि मागे मालाचा हौदा. इंजिन चालक आणि शेजाऱ्याच्या मधोमध, झाकणाखाली. आपल्याकडे महिंद्रने ही गाडी १९६५ पासून बनवली. भाजीपाला, दुधाचे कॅन, सरकारी खात्यांचे सामान अशी कामे तिने केली आणि मग ती शेतात, गोदामामागे गंजत पडली.

सोपे काय, अवघड काय?

या गाडीच्या कामाचे मर्म एका वाक्यात सांगता येईल. तिचे यंत्र जीपचे आहे, पण पत्रा फक्त तिचाच आहे.

इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे 'हरिकेन'. जुन्या पेट्रोल जीपमध्येही हेच इंजिन असे. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट, गिअरबॉक्सचे दात हे सारे आजही मिळते. भारतात बनलेले विलीज जीपचे भाग तर अमेरिकेतले हौशी लोकही मागवतात. मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि दिल्लीत काश्मिरी गेट ही नव्या भागांची ठिकाणे. हरियाणातील मंडी डबवाली जीपच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या, अस्सल भागांसाठी कुर्ला, मटण स्ट्रीटचा चोरबाजार, दिल्लीची मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार येथे चौकशी करावी.

याउलट केबिनचा पत्रा, दरवाजे, त्यांच्या बिजागऱ्या आणि कड्या, पुढची जाळी, काच आणि काचेचे रबर जीपला लागत नाहीत, म्हणून ते कोणी बनवून ठेवत नाही. हे भाग मिळाले तर दुसऱ्या मेलेल्या एफसीवरूनच मिळणार, नाहीतर हाताने घडवावे लागणार.

म्हणून गाडी घेताना इंजिन चालू आहे का, हे पाहून भुलू नये. बंद इंजिनाची पण सगळा पत्रा शाबूत असलेली गाडी ही चालू इंजिनाच्या, दरवाजे नसलेल्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. आमच्या उस्तादांचे गिऱ्हाईक नेमके उलटे करून बसले होते. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी सौदा केला होता.

कागद आधी

सुटे भाग शोधण्याआधी आरसी बुक पाहावे आणि चेसिस नंबर व इंजिन नंबर त्याच्याशी ताडून घ्यावेत. नंबर जुळत नसतील तर कामाला हात लावू नये.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरवली गेली आणि मुदत दहा वर्षे. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

पिकअपवाल्यांनी यातल्या दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली गोष्ट, नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे. पिकअपची नोंद मालवाहू म्हणून असेल, तर आरटीओत आधी लेखी विचारणा करावी आणि उत्तर आल्यावरच गिऱ्हाइकाला शब्द द्यावा. दुसरी गोष्ट, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. पुष्कळ एफसी आणि जीपगाड्यांना मधल्या काळात डिझेल इंजिने बसवली गेली. अशी गाडी चालायला चांगली असेल, पण व्हिंटेज नोंदणीच्या कामाची नाही. हरिकेन इंजिन पुन्हा बसवायचे, तर त्याचा खर्च आणि कागद पहिल्या दिवशीच हिशेबात धरावा.

सरकारी खात्यांच्या लिलावातून गाडी उचलण्याचा जुना मार्गही आता आटला आहे. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवून मिळत नाही आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांतच जातात.

सुटा भाग घेतानाही पावतीचा आग्रह धरावा. मेरठचा सोतीगंज हा जुन्या भागांचा केवढा मोठा बाजार होता! चोरीच्या गाड्या तेथे कापल्या जातात, या आरोपावरून डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद केला. सरसकट दुकाने बंद झाली, तेव्हा कागद दाखवू शकणाऱ्यांनाही थांबावे लागले. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने माल कोणाकडून, कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीचा घेतला हे लिहून ठेवले, तर तीच त्याची ढाल ठरते.

वहीतल्या तीन याद्या

आता वही उघडावी. गाडी खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. खोलताना प्रत्येक ठिकाणचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात किंवा पिशवीत ठेवून चिठ्ठी लावावी. या गाडीचे आटे इंची आहेत. सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश इंच असे पाने लागतात. मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवला की चाळीस रुपयांच्या बोल्टापायी ब्लॉकचा आटा जातो.

मग तीन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत जे आहे आणि चांगले आहे ते. दुसऱ्या यादीत जे आहे, पण दुरुस्त करावे लागेल ते. तिसऱ्या यादीत जे नाहीच ते. काम तिसऱ्या यादीपासून सुरू करावे. प्रत्येक भागापुढे चार रकाने आखावेत: कोठे विचारले, किंमत काय सांगितली, कधी मिळेल, मिळाला नाही तर काय करायचे. हा चौथा रकाना रिकामा असेल, तर ते काम अंगावर घेऊ नये.

दरवाज्याचेच उदाहरण घ्या. उजवा मिळत नसेल आणि डावा शाबूत असेल, तर डाव्यावरून पुठ्ठ्याचे फर्मे कापावेत, ते उलटे करावेत आणि त्यावरून पत्रा घडवावा. पत्र्याची जाडी मूळ पत्र्यावर गेज लावून ठरवावी, अंदाजाने नाही. चांगला डेंटर हे काम करू शकतो. पण त्याला किती दिवस लागतील हे आधी विचारून, तेवढी मजुरी वहीत लिहावी. काच सपाट असेल तर काचवाला कापून देईल. वळणदार असेल तर ती पहिल्या आठवड्यात शोधायला हवी, शेवटच्या नव्हे. परदेशातून भाग मागवायचा, तर वजन, भाडे आणि जकात धरून किंमत काढावी. दरवाज्यासारखा मोठा भाग भाड्यातच महाग होतो.

यंत्राचे काम

हरिकेन इंजिनाची ठेवण वेगळी आहे. आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. म्हणून नुसते हेड लेथवाल्याकडे पाठवून काम होत नाही, ब्लॉकही पाठवावा लागतो. बोअर मोजल्याशिवाय पिस्टन विकत घेऊ नयेत. आधीच कोणी मोठा बोअर केला असेल, तर स्टँडर्ड पिस्टन पडून राहतात.

आजच्या पेट्रोलचाही विचार करावा. २००० सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोल मिळते. जुन्या पेट्रोलातले शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झिजू देत नसे. सीट खराब असेल तर कडक धातूची रिंग बसवून घ्यावी. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. ते जुन्या रबराला खाते. तेव्हा पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचा किट आणि पेट्रोलचे पाइप इथेनॉलला टिकणारेच घ्यावेत.

कारागिरांच्या तब्येतीची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, जुन्या रंगात शिसे. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. रंग पाण्याने घासावा आणि पोरांना चांगला मास्क द्यावा. छातीचे दुखणे वीस वर्षांनी उगवते. तेव्हा कोणी गिऱ्हाईक विचारायला येत नाही.

रंग शेवटी, पैसे टप्प्याने

कामाचा क्रम असा असावा: कागद, याद्या, न मिळणारे भाग, चेसिस आणि पाटे, ब्रेक, इंजिन, पत्रा. मग रंगाशिवाय एकदा सगळी गाडी जोडून पाहावी. दरवाजे लागतात का, काच बसते का, बॉनेटच्या जागी असलेले झाकण इंजिनाला घासते का, हे तेव्हाच कळते. मग पुन्हा खोलून रंग, वायरिंग आणि सर्वांत शेवटी गादी.

पैसेही याच क्रमाने घ्यावेत. एकदम मोठी उचल घेतली की ती हातात विरते आणि पुढचे काम आपल्या खिशातून होते. प्रत्येक टप्प्याआधी त्या टप्प्याचे पैसे, सुट्या भागांची मूळ पावती गिऱ्हाइकाच्या हातात आणि मजुरी वेगळी लिहिलेली. काम थांबले तर जागेचे भाडे किती, हेही पहिल्याच कागदावर लिहून दोघांनी सही करावी. आपल्याकडे तोंडी शब्दाला मान आहे आणि तो असावा. पण लिहून ठेवल्याने शब्द कमी होत नाही, उलट दोन वर्षांनी भांडण होत नाही.

उस्तादांनी निळ्या पिकअपचे पुढे काय केले? गिऱ्हाइकाला भेटून हिशेब मिटवला, तो तोट्यातच. गाडी दुसऱ्या एका हौशी माणसाने घेतली. उस्तादांच्या मुलाने डाव्या दरवाज्यावरून उजवा घडवला आणि तो बसवताना निळा रंग तीन ठिकाणी खरवडून पुन्हा द्यावा लागला.

त्यानंतर त्यांच्याकडे दुसरी एफसी आली. ती अडीच महिने त्यांनी खोललीच नाही. गिऱ्हाईक दर आठवड्याला विचारी, "चाचा, काम कधी सुरू करणार?" उस्ताद वही पुढे करीत आणि म्हणत, "शेठ, सुरूच आहे. हे बघा, काच मिळाली, आता जाळी राहिली." आम्ही शेवटचे गेलो तेव्हा ती गाडी रंगाशिवाय, गंजप्रतिबंधक लाल प्रायमरवर उभी होती. दोन्ही दरवाजे लागत होते आणि चौथ्या टप्प्याचे पैसे जमा झाले होते.