अंगणवाडीच्या जुन्या रंगातले शिसे
तुमच्या मोहल्ल्यातली अंगणवाडी जुन्या भाड्याच्या खोलीत भरते का? मग दरवाजा-खिडक्यांचा रंग एकदा नीट बघा. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. 1 नोव्हेंबर 2017 पासून हे लागू आहे, डब्यावर तसे छापावेही लागते. पण नियम नव्या डब्यासाठी. भिंतीवरच्या जुन्या थरांचे काय? त्यांचे पोपडे, धूळ मुलांच्या हातातून तोंडात जाते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषते, आणि मेंदूचे नुकसान भरून येत नाही. म्हणून रंगकाम काढाल तेव्हा जुना थर कोरडा घासू देऊ नका (पेंटर हमखास घासतात). पाणी मारून खरवडायला सांगा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, तोवर मुलांना दुसरीकडे बसवा.