बांधावरचा खुळखुळा उपटून तर पाहा!

पावसाने उघडीप दिली की खुरपे घेऊन बांधावर जा. खुळखुळा, उन्हाळी, गोकर्ण यांपैकी एखादे झाड मातीसकट काढा. ओढू नका, गाठी मातीत राहतात. बादलीतल्या पाण्यात मूळ हलक्या हाताने धुवा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून लालसर निघाली तर जिवाणूंचे काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती कामाची नाही.

टोमॅटोवाल्यांना सूत्रकृमीच्या गाठी ठाऊक आहेत. त्यात मूळच सुजते. जिवाणूची गाठ मात्र बोटाने चटकन सुटते. आणि शेंग आली म्हणजे गाठ आलीच, असेही नाही. टाकळा, बहावा, आपटा यांना शेंगा येतात, पण मुळावर गाठी नसतात.

हे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी ते गाठीतून वेगळे काढले. पुढे कोणता जिवाणू कोणत्या पिकावर गाठ धरतो, यावरून त्यांचे गट पाडले गेले. तूर, मूग, उडीद, कुळीथ, भुईमूग हा चवळी गट. आपल्या बांधावरची बरीच रानझाडेही याच गटात धरली गेली. १९८२ मध्ये सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंना ब्रॅडीरायझोबियम हे वेगळे नाव मिळाले. आता जनुके तपासतात, तर एका गटात अनेक कुळे निघतात. राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळीच्या मुळांत झपाट्याने वाढणारा एन्सिफर सापडला. झाड तेच, पण माती बदलली की सोबतीही बदलतो.

म्हणजे बांधावर लाल गाठी दिसल्या, तर मूग-उडदाचे सोबती रानात असण्याचा संभव आहे. सोयाबीन आणि हरभऱ्याचे मात्र तसे नाही, त्यांचे जिवाणू निराळे.

हे मी पुस्तकात वाचले होते, तरी चुकलो. नोकरीच्या सुरुवातीला सोयाबीनची उरलेली पाकिटे मीच एका भाताच्या खाचरातल्या हरभऱ्याला लावायला सांगितली. त्या रानात आधी कधी हरभरा नव्हता. दीड महिन्याने मुळे उपटली. शेतकरी म्हणाला, "साहेब, गाठी कुठंयत?" मला उत्तर देता येईना. पाकिटाचे पैसे थोडे होते हो, पण त्याचा हंगाम गेला.

तेव्हा पाकिटावर पिकाचे नाव आणि मुदतीची तारीख वाचल्याशिवाय घेऊ नका. २५० ग्रॅमचे पाकीट साधारण १० किलो बियाण्याला पुरते. थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पाकीट उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत तापू देऊ नका.

युरियाचेही तसेच. आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरायचा कंटाळा करते. कडधान्य पिवळे दिसले म्हणून लगेच युरिया फेकू नका, आधी पाचसहा झाडे उपटून गाठी फोडून बघा. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी पुढच्या शिवारफेरीला एक बादली बरोबर घ्यावी. झाडे उपटायला मी येतो.