जमिनीखालचा साठा : आकडा कसा ठरतो आणि कसा वाचावा?

सिहोरा (जि. भंडारा) : तुमसर तालुक्याला मँगनीज नवे नाही. डोंगरी बुजुर्गची खुली खाण आणि चिखल्याची भूमिगत खाण यांच्याशी या परिसराचे अर्थकारण कित्येक दशके बांधले गेले आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीकडून हा वारसा १९६२ मध्ये ‘मॉयल’कडे आला. त्यामुळे ‘खाण अजून किती वर्षे चालणार?’ हा येथे केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. त्यावर मुलांच्या नोकऱ्या, शेजारच्या शेतांचे भवितव्य आणि विहिरींचे पाणी अवलंबून असते. उत्तरादाखल बहुधा एकच आकडा सांगितला जातो : इतके लाख टन साठा. हा आकडा कोणी तराजूत तोललेला नसतो, तो अंदाज असतो. तो कसा बांधला गेला हे कळल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवणे किंवा तो धुडकावणे, दोन्ही व्यर्थ आहे.

भूवैज्ञानिक दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवतात. जमिनीत खनिज असल्याचा कमी-अधिक पुरावा आहे, ते ‘संसाधन’. त्यातील जो भाग आजच्या भावात, आजच्या तंत्राने आणि कायद्याच्या चौकटीत फायद्याने काढता येतो, तेवढाच ‘साठा’. बोलण्यात दोहोंना साठाच म्हटले जाते आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण निकेलचे आहे. भारतीय खाण ब्युरोच्या वार्षिकीत देशातील निकेल धातुकाचे संसाधन सुमारे १८.९ कोटी टन दाखविलेले आढळते. त्यातील ९२ टक्क्यांच्या आसपास ओडिशात आहे, मुख्यतः जाजपूर जिल्ह्यातील सुकिंदा खोऱ्यात. हे सारे ‘उर्वरित संसाधन’ या सदरात मोडते. ‘साठा’ या रकान्यात काहीच नाही. सुकिंदा येथे क्रोमाइटच्या खाणींवरील मातकट थरात निकेलचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याच्या आत आहे. शिवाय ते स्वतंत्र कणांत नसून गोएथाइट या लोहखनिजात मुरलेले आहे. धुऊन-चाळून ते वेगळे होत नाही. त्यासाठी तीव्र आम्ल, उष्णता व दाब यांची खर्चिक प्रक्रिया लागते. अर्थात खनिज आहे, पण साठा नाही.

बोअर किती आणि कोठे?

आता मँगनीजकडे वळू. भंडारा, नागपूर आणि बालाघाट जिल्ह्यांतील मँगनीजचा पट्टा ‘सॉसर समूह’ या प्राचीन खडकांत आहे. भूवैज्ञानिक एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीजवर प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. येथील मँगनीजयुक्त खडकाला त्यांनीच गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. मूळचा हा गाळ उष्णता व दाबाने पालटला आणि त्याला घड्यांवर घड्या पडल्या. अंदाजाची खरी अडचण या घड्यांतच आहे.

हिशेब वरकरणी सोपा असतो. थराची लांबी, जाडी आणि खोली यांच्या गुणाकाराला घनतेने गुणायचे. समजा, थर एक हजार मीटर लांब, पाच मीटर जाड असून शंभर मीटर खोलीपर्यंत जातो आणि एका घनमीटरचे वजन साडेतीन टन आहे. उत्तर येते साडेसतरा लाख टन. आता जाडी पाचऐवजी चार मीटर धरा, साडेतीन लाख टन कागदावरून नाहीसे होतात. ही जाडी कळते ती काही बोअरमधून निघालेल्या खडकाच्या गाभ्यावरून. दोन बोअरमधील अंतरात थर तसाच आहे, हे गृहीत धरलेले असते.

थर तिरपा असेल तर आणखी एक फसगत संभवते. साठ अंशांनी कललेल्या थरातून उभे बोअर नेले तर गाभ्यात त्याची जाडी खऱ्यापेक्षा दुप्पट दिसते. ही दुरुस्ती जाणकार करतातच, पण कल चुकीचा वाचला तर दुरुस्तीही चुकते. घडीमुळे एकच थर दोनदा छेदला गेला आणि ते दोन थर मानले गेले, तर आकडा पुन्हा फुगतो. उलटपक्षी ठिसूळ धातुक बोअर घेतानाच भुगा होऊन वाहून गेले, तर अंदाज खऱ्याहून कमी येऊ शकतो. चूक नेहमी कंपनीच्या बाजूनेच होते, असे समजण्याचे कारण नाही.

म्हणूनच २०१५ च्या नियमांत शोधकार्याचे जी-४ ते जी-१ असे टप्पे आहेत. जी-४ म्हणजे प्राथमिक टेहळणी, जी-१ म्हणजे सविस्तर शोध. टप्पा न सांगता दिलेला आकडा अपुरा समजावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील रियासी येथे ५९ लाख टन ‘अनुमानित’ लिथियम संसाधनाची घोषणा झाली. ते जी-३ टप्प्यावरचे धातुक होते. अनेकांनी ते ५९ लाख टन शुद्ध लिथियमच मानले. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द झाला.

ऑस्ट्रेलियाने हा धडा फार पूर्वी घेतला. सप्टेंबर १९६९ मध्ये ‘पोसायडन’ कंपनीने विंडारा येथे निकेल सापडल्याचे जाहीर केले. एका डॉलरच्याही खाली असलेला शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरवर गेला. प्रत्यक्ष उत्पादन सुरू होईपर्यंत निकेलचे भाव उतरले होते आणि धातुकाची प्रतही अपेक्षेहून हलकी निघाली. कंपनी कोसळली. या निकेल-ज्वरानंतर १९७१ मध्ये तेथे खनिजांचे आकडे जाहीर करण्याचे नियम ठरविणारी समिती बसली. तिची संहिता १९८९ मध्ये आली.

काढण्याची रीत

आकडा बरोबर असला तरी सगळे खनिज बाहेर येत नाही. खुल्या खाणीत तिरप्या थराचा पाठलाग करत खाली जावे तसा बाजूचा निरुपयोगी दगड अधिकाधिक उपसावा लागतो. एका टप्प्यावर हा खर्च धातुकाच्या किमतीला खाऊन टाकतो आणि खुली खाण थांबते. उपसलेल्या दगडाचे ढीग कोठे रचायचे, हा गावाच्या जमिनीचा प्रश्न होतो.

भूमिगत खाणीत ढीग कमी होतात, पण आधारासाठी धातुकाचेच खांब सोडावे लागतात. तेवढे खनिज बहुधा आतच राहते. काढलेली पोकळी वाळूने भरण्याची पद्धत येथील मँगनीज खाणींत रुळलेली आहे. पोकळी भरली तर वरची जमीन खचण्याचा धोका घटतो, मात्र वाळू नदीतूनच यायची. वैनगंगा-बावनथडीच्या खोऱ्यात वाळू हा स्वतःच एक वाद आहे. खाणीतूनच निघालेला दगड भरावाला वापरणे हा त्यावरचा पर्याय आहे आणि तो अधिक गांभीर्याने राबवायला हवा, असे वाटते.

बाजारभावाचाही यात हात असतो. भाव चढला की काल टाकाऊ ठरलेले हलके धातुक आज कामाचे ठरते आणि बोअर न घेताही साठा वाढतो. भाव पडला की उलटे. ‘साठा संपला’ आणि ‘साठा वाढला’ या दोन्ही बातम्यांचे मूळ म्हणूनच कधी जमिनीखाली, तर कधी बाजारात असते.

नागरिकांना हे तपासता येते का? काही प्रमाणात येते. प्रत्येक खाणीला खाण आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यात साठ्याचा हिशेब, बोअरची माहिती, काढण्याची पद्धत व खाण बंद करण्याची योजना असते. मँगनीजसारख्या खनिजासाठी हे काम नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये त्याची मागणी करता येते. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी असेल, तर २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा परिषदेत ठेवावा लागतो. त्या सारांशात टनांच्या आकड्याशेजारी शोधाचा टप्पा, बोअरमधील अंतर आणि प्रतीची किमान मर्यादा दिली आहे का, हे पाहावे. दिली नसेल तर सुनावणीतील पहिला प्रश्न तोच असावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.