अंधार, खरखर आणि हँडीकॅम

रात्री तंबूबाहेर आवाज होतात आणि तिघं तरुण घाबरून जंगलात पळत सुटतात. पळता पळता त्यांच्यातली हेदर डावीकडे बघून किंचाळते, ‘ते काय आहे?’ प्रेक्षकाला मात्र काहीच दिसत नाही. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) मधला हा प्रसंग चित्रित होत असताना चमूतला एक माणूस पांढरे कपडे घालून खरोखरच झाडीत उभा होता. धावपळीत कॅमेरा तिकडे वळलाच नाही. वळला असता, तर एक पांढरा ठिपका दिसून विषय संपला असता.

डॅनियल मायरिक आणि एडुआर्दो सांचेझ यांनी १९९७च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत चित्रपटाचं चित्रण उरकलं. कॅमेरे नटांच्याच हातात होते. रोजच्या सूचना चिठ्ठ्यांतून मिळत, खाणं दिवसागणिक कमी होत गेलं आणि रात्री दिग्दर्शक स्वतः जाऊन तंबू हलवत. चित्रपटानं जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर कमावले. काही प्रेक्षकांना थिएटरमध्ये मळमळलं, त्यात भुताचा हात नव्हता. डोळे म्हणत होते ‘आपण धावतोय’ आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणत होती ‘खुर्चीत बसलोय’. घाटातली गाडी लागते, तसंच हे.

स्वस्त कॅमेऱ्यामुळे भय वाढतं कसं, हे कळण्यासाठी त्याच्या आत डोकवावं लागतं. अंधारात सेन्सरवर प्रकाश पुरेसा पडत नाही. मग कॅमेरा मिळेल तो संकेत वाढवून दाखवतो आणि त्याबरोबर विद्युत गोंगाटही वाढतो. पडद्यावर दिसते ती दाणेदार वळवळ, आणि दर चौकटीत तिची जागा बदलते. आपला मेंदू चेहरे शोधण्यात इतका तरबेज आहे, की अशा ठिपक्यांतही त्याला डोळे-तोंड सापडतात.

ध्वनीचं त्याहून मजेशीर आहे. घरगुती कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं मंडल असतं. शांतता झाली की ते माइकची संवेदनशीलता वाढवतं. त्यामुळे खरखर वर येते, श्वास मोठा ऐकू येतो. अशात दार धाडकन आपटलं, तर मंडलाला सावरायला क्षणभर वेळ लागतो आणि आवाज फाटतो. फाटलेल्या, खरखरीत आवाजांना आपण फार लवकर दचकतो. मार्मोट या प्राण्याच्या पिल्लांच्या किंकाळ्या अभ्यासणारे डॅनियल ब्लूमस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये चित्रपटांचे ध्वनिपट तपासले. भयपटांत असेच बेसूर, फाटके आवाज मुद्दाम पेरलेले त्यांना आढळले.

ओरेन पेलीनं सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केलेल्या ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’त तर रात्रीच्या बहुतेक दृश्यांत कॅमेरा हलतही नाही. शयनगृहाच्या कोपऱ्यात तो स्टँडवर उभा आहे. डावीकडे उघडं दार, पलीकडे काळोखी बोळ, पडद्याच्या कोपऱ्यात धावणारी वेळ. रात्र भराभर पुढे सरकते आणि एका क्षणी वेळ पुन्हा नेहमीच्या गतीनं चालू लागते. आता काहीतरी होणार, एवढंच कळतं. कुठे, ते कोणी सांगत नाही. एरवी दिग्दर्शक जवळून दाखवून आपली नजर नेमक्या जागी नेतो. इथे ती जबाबदारी प्रेक्षकावर, आणि तो दार, चादर, बोळ असं चाचपत बसतो. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या लाउरी नुमेनमा यांच्या गटानं भयपट बघणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं (२०२०), तेव्हा हळूहळू भीती दाटत जाताना बघण्या-ऐकण्याशी संबंधित भागच जास्त सक्रिय झालेले दिसले. बघण्यासारखं अजून काही आलेलं नसतानाच मेंदू अधिक जोर लावून बघत असतो.

म्हणूनच २०१६च्या ‘ब्लेअर विच’मध्ये ड्रोन आणि कानाला लावायचे कॅमेरे आले, तरी मला ती भीती काही सापडली नाही, फार स्वच्छ दिसतं त्यात. याउलट टाळेबंदीत रॉब सॅव्हेजनं झूमवर केलेला ‘होस्ट’ (२०२०) तासाभराचाही नाही, पण त्यात एक नामी युक्ती आहे. चेहऱ्यावर मुखवटा चढवणारं फिल्टर रिकाम्या हवेत जाऊन चिकटतं. संगणकाला तिथे चेहरा सापडलेला असतो. आता यातली गंमत अशी, की भिंतीवरच्या डागात चेहरा शोधण्याची चूक अशी सॉफ्टवेअर खरोखरच करतात, त्यामुळे भूत की बिघाड हे ठरवायला प्रेक्षकाकडे काहीच साधन उरत नाही.