गोव्याचे विलीनीकरण आणि घराखालची जमीन

गोव्यातील 1967 च्या जनमत कौलाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा मराठी-कोकणी वादापाशी थांबते. कोकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, यावरच पाने भरतात. वाद खोटा नाही. पण तो वरचा थर आहे. खालचा थर जमिनीचा आहे आणि आपल्या वाचकाने तोच आधी खणला पाहिजे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1963 च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते खाणमालक खरे, पण देवळांच्या सेवेला जुंपलेल्या आणि म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजातून आलेले. पक्षाची मुख्य मागणी महाराष्ट्रात विलीन होण्याची.

बहुजनांना महाराष्ट्र कशासाठी हवा होता? केवळ ज्ञानेश्वर-तुकारामांसाठी? गोव्यात जमीनमालकाला भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला मुंडकार. घर मुंडकाराचे, घराखालची माती भाटकाराची. मालकाची मर्जी फिरली की चूल उचलायची. इकडे महाराष्ट्रात 1 एप्रिल 1957 हा कूळकायद्याने कृषकदिन ठरवला होता. कसणारे कूळ त्या दिवसापासून मालक मानले गेले. त्या कायद्याची आशा विलीनीकरणाच्या मागणीत होती. भाटकार सारस्वतही होते आणि वरच्या जातीचे ख्रिस्तीही. दुसरीकडे गरीब ख्रिस्ती माणूसही बहुसंख्येने विरोधात गेला. मोठ्या राज्यात आपण बुडून जाऊ, ही त्याची भीती होती. ती हास्यास्पद ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. फुलाला 1,38,170 मते पडली, पानांना 1,72,191. फरक 34,021 चा. घराखालच्या जमिनीसाठी मात्र कोणतीच निशाणी नव्हती! मार्चच्या निवडणुकीत बांदोडकरांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला. विलीनीकरण हरले, बहुजनांची सत्ता हरली नाही.

पण फूल जिंकले असते तर मुंडकाराचे काय झाले असते? भाषिक राज्यात सत्ता संख्येने मोठ्या जातीच्या हाती जाते आणि लहान समाज चिरडले जातात, असा इशारा बाबासाहेबांनी 1955 सालीच दिला होता; महाराष्ट्राचे चार भाग करावेत असे त्यांनी सुचवले होते. मी लोहगडवाडीचा. कूळकायदा आमच्या मावळातही आला. ज्याचे नाव कूळ म्हणून कागदावर होते त्याला जमीन मिळाली. माझे आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या भातखाचरात राबले. त्यांचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते. 1 मे 1960 रोजी मराठी राज्य झाले, आणि पाचच वर्षांच्या आत दादासाहेब गायकवाडांना त्याच राज्यात भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला. तुरुंग भरले ते मराठी बोलणाऱ्यांनीच, आणि भरले मराठी सरकारने. गोव्यातील विलीनीकरणवाद्यांना ही बाजू कोणी सांगितली होती काय?

मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा 1975 साली झाला. तेव्हा मुख्यमंत्री होत्या शशिकला काकोडकर, बांदोडकरांची कन्या. पक्ष विलीनीकरणवाल्यांचाच, कायदा मात्र पणजीच्या विधानसभेत झाला.