छतावरची वीज आणि तिसऱ्या किलोवॅटचा हिशेब

छतावर सौर पॅनेल बसवायचं मनात आलं की बहुतेक जण पहिला फोन ठेकेदाराला करतात. तो येतो, गच्ची बघतो आणि ‘तीन किलोवॅट टाका, बिल शून्य, वर ७८ हजार सरकारकडून’ असं सांगून जातो. त्यात फारसं खोटं काही नसतं. पण आपल्या घराला तीन किलोवॅट लागतात का, हे गच्ची बघून कळत नाही. ते वीजबिलावरून कळतं, म्हणून सुरुवात बिलापासून करू.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर युनिटमध्ये छापलेला असतो. बारा महिन्यांचे आकडे वहीत उतरवा, बेरीज करून बाराने भागा. नुसतं मे महिन्याचं बिल समोर ठेवलं तर पंखे-कूलरच्या वापरामुळे गरज फुगलेली दिसते आणि यंत्रणा मोठी घेतली जाते.

आता युनिट आणि किलोवॅट यांतला फरक. किलोवॅट ही यंत्रणेची ताकद, युनिट हे तिने केलेलं काम. हजार वॅटचं, म्हणजे एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. महाराष्ट्रात एक किलोवॅटची पॅनेलं वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतात, महिन्याला १२०. उन्हाळ्यात जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी.

यापुढची गोष्ट सहसा कुणी समजावून सांगत नाही. घरगुती विजेचा दर पायऱ्यांनी चढतो. महावितरणकडे पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग आणि ५०० च्या पुढची सर्वांत महाग. सौर वीज या पायऱ्या वरून खाली कापत येते. म्हणजे आपलं पहिलं सौर युनिट सर्वांत महाग युनिटाची जागा घेतं आणि शेवटचं सर्वांत स्वस्त युनिटाची.

अनुदानही तसंच उतरत जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. पाच किलोवॅट बसवले तरी अनुदान ७८,००० वरच थांबतं.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून एक घर बघू. समजा, घराचा वापर महिन्याला ३०० युनिट आहे. सगळे आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ६ रुपये आणि पुढच्यांना १२ रुपये पडतात असं धरू. (आपले खरे दर बिलावरून घ्यावेत. त्यात वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवायला विसरू नये.) दोन किलोवॅट महिन्याला २४० युनिटं देतील. त्यांतली २०० वाचवतील १२ च्या दराने, ४० वाचवतील ६ च्या दराने. बचत महिन्याला २,६४० रुपये, वर्षाला सुमारे ३१,७००. यंत्रणा १,३०,००० ला पडली आणि ६०,००० अनुदान मिळालं, तर खिशातून गेले ७०,०००. ते सव्वादोन वर्षांत परत येतात.

त्याच घराने तिसरा किलोवॅट घेतला तर? त्याची १२० युनिटं येतील, पण घरात कापायला उरली आहेत फक्त ६०, तीही ६ रुपयांची. बचत वाढली महिन्याला ३६०, वर्षाला ४,३२०. खर्च ५०,००० धरला आणि १८,००० अनुदान वजा केलं तर ३२,००० जादा गेले. उरलेल्या युनिटांचे वर्षअखेरीस मिळणारे थोडे पैसे सोडले, तर ते वसूल व्हायला सात वर्षांहून जास्त लागतील. पहिल्या दोघांपेक्षा तिसरा भाऊ इतका आळशी निघतो.

याचा अर्थ तिसरा घेऊच नये असा नाही. वर्षभरात एसी येणार असेल, स्वयंपाक इंडक्शनवर न्यायचा असेल, विजेवरची स्कूटर घ्यायची असेल, तर तो जरूर घ्यावा. नंतर एकेक पॅनेल जोडणं महागात पडतं. पण कारण आपल्या घरातलं असावं, ठेकेदाराच्या पत्रकातलं नको.

वापर १०० युनिटांच्या आत असेल तर हिशेब निराळा. ९० युनिटांच्या घराची महिन्याला ५४० रुपयेच बचत होते. एक किलोवॅट ६५,००० ला घेऊन ३०,००० अनुदान मिळालं, तरी ३५,००० वसूल व्हायला साडेपाच वर्षं जातात. अशाच घरांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ ही योजना आणली. तिच्यात एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याची भर पडते : दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,००० आणि कमी वापराच्या सर्वसाधारण गटाला १०,०००. आपण या गटांत बसत असाल तर आधी हेच विचारावं.

गरज ठरली की गच्चीवर जावं. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून, थोडी तिरकी बसतात. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता सावली कुठे पडते ते स्वतः बघा. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ, सगळ्यांवर नजर ठेवा. पॅनेलं माळेसारखी जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवरची सावली इतरांचंही उत्पन्न खाली ओढू शकते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात. मे महिन्यात मोकळी दिसलेली जागा डिसेंबरात झाकलेली सापडते.

सदनिकेत राहत असाल तर गच्ची सोसायटीची असते, आणि तिच्या ठरावाशिवाय पुढे जाता येत नाही. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीला वेगळं अनुदान आहे : किलोवॅटला १८,००० रुपये.

अर्ज भरण्याआधी बिलावरचं नाव वाचा. जुन्या घरांत मीटर बहुधा आजोबांच्या नावावर असतो. अर्ज, बँक खातं आणि बिल यांतली नावं जुळली नाहीत तर यंत्रणा चालू होऊनही अनुदान अडकतं. नावबदल आधी करून घ्यावा, चार आठवडे गेले तरी चालतील. मग पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची.

पुढची पायरी ठेकेदाराची. पोर्टलवरच्या यादीत नाव असलेल्या ठेकेदाराकडूनच काम झालं तर अनुदान मिळतं. किमान तीन कोटेशनं घ्यावीत आणि प्रत्येकात चार गोष्टी लेखी मागाव्यात. पॅनेलं ‘डीसीआर’ आहेत का, म्हणजे पॅनेल आणि त्यातला सेल दोन्ही भारतात बनलेले आहेत का. परदेशी सेलची पॅनेलं स्वस्त पडतात, पण त्यांवर अनुदान नाही. लोखंडी सांगाडा गंज न लागणारा आहे का, किती उंच आहे आणि उंचीचे पैसे किमतीत धरलेत का. शेवटच्या दिवशी किंमत वाढते ती इथे. पॅनेलांची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची. आणि पाच वर्षांची देखभाल, जी योजनेनुसार ठेकेदाराचीच जबाबदारी आहे. कोटेशन जुनं असेल तर नवं मागा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

पैशांची तजवीज करताना एक गोष्ट विसरायची नाही : अनुदान काम झाल्यावर मिळतं. आधी पूर्ण रक्कम आपणच उभी करायची. तेवढी हाताशी नसेल तर बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तारणाशिवाय कर्ज देतात, व्याज रेपो दरापेक्षा साधारण अर्धा टक्का वर. अनुदान जमा झालं की ते घरखर्चात न घालता कर्जात भरावं. सगळे पैसे आगाऊ मात्र ठेकेदाराला देऊ नयेत. शेवटचा हप्ता मीटर बसल्यावर द्यायचा, हे आधीच कागदावर आणा.

पॅनेलं चढवण्याचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं. त्या दिवशी घरी थांबा. अर्थिंगचे खड्डे खरंच खणले का, वीज पडण्यापासून वाचवणारा तडितरोधक लागला का, गच्चीच्या जलरोधक थराला भोकं पाडली असतील तर ती नीट बुजवली का, हे बघायला तंत्रज्ञ असावं लागत नाही. गच्ची गळू लागली तर वीजबिलातली बचत डागडुजीत जाते.

मग वीज कंपनी नेट मीटर बसवते. आपण घेतलेली आणि ग्रीडला दिलेली वीज हा मीटर वेगवेगळी मोजतो, आणि बिल फरकाचं येतं. एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटं पावसाळ्यात कामी येतात. मात्र ३१ मार्चला हिशेब मिटतो. तेव्हा शिल्लक असलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्याहून खूप कमी दराने. तिसऱ्या किलोवॅटची जादा युनिटं जातात ती इथे. स्थिर आकार तर वापर शून्य झाला तरी द्यावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ अक्षरशः शून्य नसतं.

आणखी एक गैरसमज. बॅटरी नसलेली ग्रीडशी जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भारनियमनावर उपाय हवा असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरावा लागेल.

तपासणी होऊन यंत्रणा चालू झाली की पोर्टलवर बँक खात्याचा तपशील भरायचा, आणि अनुदान थेट आपल्या खात्यात येतं. ‘ते मिळवून देतो’ म्हणून कुणी टक्केवारी मागितली तर देऊ नका. पुढे दर पंधरा दिवसांनी, ऊन तापण्याआधी, पॅनेलं साध्या पाण्याने धुवावीत. बोअरचं जड पाणी काचेवर पांढरे डाग सोडतं. पॅनेलं पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर मधे एकदा तरी बदलावा लागतो. त्यासाठी दरमहा दोनशे रुपये बाजूला टाकत राहा.

केंद्राच्या योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. नावबदल राहिला असेल तर त्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.