दर मिनिटाला अठ्ठेचाळीस कोटी

नारायणगावहून खोडदच्या वाटेला लागलं की शेतांवरून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या डोकावू लागतात. एकेक 45 मीटर व्यासाची. एकूण 30; त्यातल्या 14 खोडदच्या आसपास, बाकीच्या दूरवर पांगलेल्या. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ जवळजवळ बारा एकर भरतं. रेडिओलहरी टिपणं हे त्यांचं काम. पण त्याच बारा एकरांवर आकाशातून दर मिनिटाला साधारण 48 कोटी म्युऑन कोसळत असतात, आणि दुर्बिणीला त्यांचा पत्ताही नसतो. हिशेब सोपा आहे: आडव्या धरलेल्या तळहाताच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला सुमारे एक म्युऑन जातो, पुढचा गुणाकार शाळेतला. तारेच्या जाळीतून, मातीतून, शेजारच्या रानात टोमॅटो तोडणाऱ्या बाईच्या अंगातून ते आरपार निघून जातात.

म्युऑन हे वैश्विक किरणांचे तुकडे. अवकाशातून आलेला प्रोटॉन दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणूवर आदळतो आणि त्यातून हे निपजतात. त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट. तेवढ्यात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जाईल. तरी ते खोडदला पोचतात, कारण प्रकाशाच्या जवळ जाणाऱ्या वेगात त्यांचं घड्याळ मंदावतं.

मूळ किरणांपैकी बरेच वरच्यावर परतवले जातात. परतवणारं पृथ्वीचं चुंबकत्व मात्र अगदीच किरकोळ: फ्रिजच्या दारावरच्या चुंबकाच्या शंभराव्या हिश्श्याएवढं. फक्त ते हजारो किलोमीटर पसरलेलं आहे. आपल्या अक्षांशांवर त्याच्या रेषा आडव्याच्या जवळ असल्यानं हजार कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून कमी ऊर्जेचा प्रोटॉन जुन्नरच्या हवेत सहसा शिरत नाही. ध्रुवांवर दार उघडंच असतं.

हे चुंबकत्व कायम एकसारखं नसतं, याची साक्ष आपल्याच डोंगरात आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भीमाशंकरचा लाव्हा थंड झाला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळची दिशा धरून ठेवली. ती आजच्या उलट आहे; तेव्हाच्या होकायंत्राची सुई दक्षिणेकडे वळली असती. दख्खनच्या कातळाचं चुंबकत्व 1950 च्या दशकात ज्या चमूनं मोजलं, त्याचे प्रमुख होते पॅट्रिक ब्लॅकेट. भारत एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे त्या मोजमापांतून पुढे आलं. आणि ब्लॅकेटना 1948 चं नोबेल मिळालं होतं ते मेघकोष्ठ आणि वैश्विक किरणांवरच्या कामासाठी! दगड, किरण आणि ढग एकाच माणसाच्या वाट्याला यावेत, हे मला या विषयातलं सर्वांत गमतीचं वाटतं.

मेघकोष्ठात किरण गेला की मागे थेंबांची रेघ उमटते. मग खऱ्या आकाशातले ढगही किरणच घडवत असतील का? 1997 मध्ये डेन्मार्कच्या स्वेन्समार्क आणि फ्रीस-क्रिस्टेन्सन यांनी तसं सुचवलं: किरण वाढले की ढग वाढतात, पृथ्वी गार होते. कल्पना देखणी, पण आकडे साथ देत नाहीत. कोष्ठात किरणांनी घडवलेल्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित कणांवर, थेंब धरायला हवा संपृक्ततेच्या सुमारे चौपट ओली करावी लागते. भीमाशंकरावर आषाढात उतरणाऱ्या ढगात ती संपृक्ततेपेक्षा एखादा टक्काही जास्त नसते, कारण तिथले थेंब समुद्रातल्या मिठावर, धुळीवर, धुरावर बसतात. आयनांमुळे असे कण जन्मायला मदत होते, हे सर्न प्रयोगशाळेच्या क्लाउड प्रयोगात दिसलं. पण सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात किरणांत होणारा फरक ढग बदलायला फारच तोकडा, असं त्याच प्रयोगाच्या 2016 च्या निष्कर्षांत आलं. उन्हातून येणारी ऊर्जा या किरणांच्या काही कोटी पट असते, तेही विसरून चालत नाही.

या कल्पनेची परीक्षा घेणारा एक प्रयोग निसर्गानं स्वतःच करून ठेवला आहे. सुमारे 41 हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास घसरलं. किरणांनी घडवलेलं बेरिलियम-10 ग्रीनलंडच्या बर्फात त्या काळी उसळलेलं दिसतं. त्याच बर्फातल्या तापमानाच्या नोंदीत मात्र त्याला शोभेलसा धक्का नाही.

तारीख सांगायला मात्र दगडात-गाळात गोठलेलं हे चुंबकत्व फार उपयोगी पडतं, एवढं खरं. कुकडीकाठी बोरीला सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, तीन हजार किलोमीटरांहून दुरून आलेला. ती राख 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर संशोधकांचे वाद आहेत. पृथ्वीचे ध्रुव शेवटचे उलटले सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी. राखेलगतच्या गाळातले कण उलटी दिशा दाखवत असतील, तर वाद जुन्या तारखेच्या बाजूनं झुकतो.